आत्या लावून दे

अमरावती
२४ ऑक्टोबर २०२४

वहिनी, जयभीम.

पत्र पाहून हसाल, तर हसा. दसरा होऊन बारा दिवस झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. दादाला लावला की तो म्हणतो, 'कापसाच्या जिनिंगमदे कामावर आहो, मंग लावतो,' आणि त्याचं ते मंग काही येत नाही. शेवटी आज पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. कागद हातात आला की तुम्ही वाचल्याशिवाय फाडणार नाही, एवढी मी तुम्हाला ओळखते. लग्न होऊन अकोटला आलात तेव्हा मी नववीत होते आणि माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा तुम्ही वाचून काढायच्या.

आधी माफी मागते. दसऱ्याला घरी आले तेव्हा शेजारच्या बाया जेवायला बसलेल्या असताना, 'वहिनी, सुगत बोलत नाही, त्याला कोणाला तरी दाखवा,' असं मी म्हणायला नको होतं. तुम्ही अंगणवाडी सेविका, साऱ्या वस्तीची लेकरं तुमच्या नजरेखालून जातात. तुम्ही ताट सारून म्हणालात, 'तुले लेकरू नाई ना बाई, तू मले शिकवू नको. वस्तीभरच्या लेकरायचं वजन मी घेतो, माह्या लेकराचं मले समजत नाई काय?' ते मला लागलं. पण चारचौघींत मी तुम्हाला खाली पाहायला लावलं, त्याच्यापुढे ते काहीच नाही.

आता जे पाहिलं ते सांगते. त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सुगत खाटेवर होता. मी हाक मारली, 'सुगत राजा, बघ कोण आलं!' तो उठला, चेहरा फुलला, पळत आला. मी हात पसरले. तो माझ्या शेजारून गेला आणि फ्रिजपाशी उभा राहिला, कारण तुमचा फोन तिथं वर चार्जिंगला होता. मी पुन्हा हाक मारली. त्यानं त्या बंद फोनकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मग मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, त्याचे गाल धरले आणि बोलत राहिले. वहिनी, तो माझ्या खांद्यावरून फ्रिजकडेच पाहत होता.

दीड वर्ष झालं, चंदनच्या स्टुडिओत मी लहान मुलांच्या व्हिडिओंतल्या चिंगी खारुताईचा आवाज काढते. सुगतला तो आवाज माझा वाटत नाही, फोनचा वाटतो. त्याला जवळ जवळ पावणेतीन वर्षं होतील आता. मला भीती वाटते.

रागवा, पण उत्तर द्या.

तुमची ज्योत्स्ना


अकोट
४ नोव्हेंबर २०२४

ज्योत्स्ना,

पत्र मिळालं. फाडलं नाही.

सुगतला इंग्रजीत अकरा रंग येतात. वीसपर्यंत आकडे येतात, एबीसीडी पूर्ण येते. वस्तीत त्याच्या वयाचं असं दुसरं लेकरू मला दाखव. बोलत नाही म्हणतेस, तर दिवसातून पन्नास वेळा 'चला मुलांनो, मज्जा करू या' म्हणतो, आणि इतकं शुद्ध की तुझ्या आई शेजारणींना बोलावून ऐकवतात, 'पाह्य व, आमचा सुगत पुण्यावानी बोलते.' मुलं उशिरा बोलतात. तुझा दादा चौथ्या वर्षी बोलला म्हणे, आईंनाच विचार.

राहिलं मोबाइलचं. दर महिन्याला आयांना सतरंजीवर बसवून मीच सांगते की जेवताना लेकराच्या हाती मोबाइल देऊ नका. त्या शकुनला तर मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर झापलं. तिची पोरगी राक्षसाबिक्षसांचं काहीही बघत बसते. आमच्या घरी तसलं काही लागत नाही. आमच्या घरी फक्त तू लागतेस. आई वरणभात कालवतात आणि मला हाक मारतात, 'आत्या लावून दे व माया, थो आत्यासंगच जेवते.' त्याला आम्ही मोबाइल समजतच नाही. घरचं माणूस बोलतंय, त्यात कसला मोबाइल? तू अमरावतीला, आम्ही इकडे. लेकराला आत्याचा लळा लागावा म्हणून लावत होतो. आठ वर्षांनी झालेलं लेकरू आहे ते. त्याचं वाईट व्हावं म्हणून आम्ही काही करत असू का?

आणि तूच येऊन भर जेवणात सांगतेस की त्याला कोणाला तरी दाखवा. तुझे व्हिडिओ इतके वाईट असतील, तर तू ते करतेस कशाला? याचं उत्तर दे.

आईंनी तुझ्यासाठी जवसाची चटणी करून ठेवली आहे. दादाच्या ओळखीचं कोणी तिकडे येणार असेल त्याच्या हातून पाठवीन.

माया


अमरावती
१३ नोव्हेंबर २०२४

वहिनी, जयभीम.

तुम्ही चिडून का होईना, पण लिहिलंत. मला त्यातच बरं वाटलं.

व्हिडिओ वाईट नाहीत. त्यात शिव्या नाहीत, मारामारी नाही, घाण काही नाही. रंग, आकडे, फळं, पक्षी एवढंच असतं. चंदन म्हणतो, मुलं खेळता खेळता शिकतात. लोक खाली लिहितात की आमचं बाळ चिंगीशिवाय घास घेत नाही, आणि आम्ही ते सगळे मिळून वाचतो. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे सध्या एवढंच उत्तर आहे.

लळा लागावा म्हणून लावत होतात, हे वाचून मला रडू आलं.

एकच करा. अकोल्याला नेऊन त्याचे कान तपासून घ्या. कानांत दोष निघाला नाही, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आईला सांगा, चटणी मिळाली, आणि नेहमीसारखी तिखट आहे.

ज्योत्स्ना


अकोट
९ जानेवारी २०२५

ज्योत्स्ना,

तुझं पत्र नोव्हेंबरात आलं आणि उत्तर आज लिहिते आहे. फोन करू नकोस, लागणार नाही. आमच्या घरात आता फोन नसतो. माझा फोन तुझा दादा जिनिंगमध्ये घेऊन जातो, त्याचा त्याच्याच खिशात असतो, आणि सरकारी फोन अंगणवाडीच्या कपाटात कुलपात असतो. तेव्हा आता मीही पोस्टातून पाकिटं आणते.

कसं झालं ते सांगते. तुझ्या दादाला, धर्मपालला, मी अर्धंच सांगितलं आहे. तुला पूर्ण सांगते, कारण तू मला आधी सांगितलं होतंस आणि मी तुला लेकरू नसल्याचा टोमणा मारला होता.

तुला माहीत आहे, आम्हाला दर महिन्याला प्रत्येक लेकराची नोंद करावी लागते. वजन, उंची, आणि पुढे रकाने असतात. नावानं हाक मारल्यावर बघतो का, सांगितलेली वस्तू आणून देतो का, दोन शब्द जोडून बोलतो का. दुसऱ्यांच्या लेकरांचं मी समोर बसवून, खेळणं देऊन, खात्री करून लिहिते. सुगतचं मी घरी बसून लिहायची. वजन खरं लिहायची. बाकीच्या रकान्यांत चहा पिता पिता बरोबरच्या खुणा करून टाकायची. सेविकेचं लेकरू, त्याचं काय बघायचं? आणि खरं सांगायचं तर ज्योत्स्ना, गेले सात-आठ महिने त्या खुणा करताना माझा हात अडखळायचा. तरी मी करायची.

डिसेंबरात आई एका लग्नाला चांदूर रेल्वेला गेल्या, म्हणून सुगत माझ्यासोबत अंगणवाडीत होता. नेमक्या त्याच दिवशी आमच्या पर्यवेक्षिका दुर्गाबाई मॅडम आल्या. त्या प्रेमानं म्हणाल्या, 'हा का तुमचा सुगत? सुगत, तो चेंडू दे बरं मला.' त्यानं पाहिलं नाही. त्यांनी तीनदा म्हटलं. तो जमिनीवर बोट सरकवत बसला होता, फोनवर सरकवतात तसं. शेवटी शकुनची पोरगी उठली आणि तिनं चेंडू नेऊन मॅडमच्या हातात दिला. मॅडमच्या मांडीवर रजिस्टर होतं, सुगतचंच पान उघडं होतं. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, 'माया, आज चहा नको मला.'

मग आम्ही अकोल्याला गेलो. मी, आई आणि सुगत. कानांची तपासणी झाली, कान अगदी चांगले निघाले. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, शांत बोलत होत्या. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळ मोबाइल बघतो? मी म्हटलं, तासभर. सहज बोलून गेले, वर्षभर विचारेल त्याला हेच सांगायची सवय झाली होती. तर आई मला थांबवून म्हणतात, 'काह्यचा तासभर व! उठल्यापासून निजेलोक चालूच रायते. आमच्या जोसनाचा आवाज हाय ना त्यात बाई, म्हून लावतो आमी.' आईंनी हे अभिमानानं सांगितलं गं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. खोटं बोलायची गरज मलाच पडली होती, म्हणजे मला सगळं कळत होतं. त्या खोलीत जमीन फाटली असती तर मी आत गेले असते.

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कारण हे एकच असेल असं मी सांगणार नाही, प्रत्येक लेकरू वेगळं असतं. काही महिने बघू, मग लागतील त्या तपासण्या करू. पण लेकरू बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाशी देवाणघेवाण करून. ते काहीतरी म्हणतं, आपण उत्तर देतो, आपण गप्प बसतो, मग ते पुन्हा म्हणतं. मोबाइल त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून तो आजपासून बंद करा आणि त्याच्याशी बोला. मी मान हलवत होते. हेच भाषण मी दर महिन्याला सतरंजीवर देते.

पहिले चार दिवस वाईट गेले. तो डोकं आपटायचा. उशा उचलून बघायचा, फ्रिजवर चढायचा. दोन दिवस नीट जेवला नाही. आई कोपऱ्यात बसून डोळे पुसायच्या, 'माहीच चूक हाय व माया.' मी म्हटलं, नाही आई, माझी आहे. वरून असं म्हटलं, पण मनात मी तिसरं कोणीतरी शोधत होते, आणि तुझं नाव ओठांवर आलं होतं. हेही तुला सांगितलेलं बरं.

माया


अमरावती
१९ जानेवारी २०२५

वहिनी, जयभीम.

ओठांवर आलेलं नाव बरोबर होतं.

नोव्हेंबरात तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर चुकवलं. आज देते. अगदी सुरुवातीला रेकॉर्डिंग करताना मी मध्ये थांबायची. 'सांगा बरं, हा कोणता पक्षी?' असं म्हणायचं आणि मनात तीनपर्यंत मोजायचं. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. लेकरांशी आपण असंच बोलतो. एक दिवस चंदननं कॉम्प्युटरवर एक रेघ दाखवली. किती जण व्हिडिओ बघत टिकतात, त्याची ती रेघ असते. मी जिथं जिथं थांबले होते, तिथं तिथं ती खाली घसरली होती. चंदन माणूस वाईट नाही. तो म्हणाला, 'ज्योत्स्ना, हितं पोट्टे पळून जाऊन राह्यले. रिकामी जागा ठेवू नको.'

तेव्हापासून आम्ही जागा ठेवत नाही. आणि आम्ही म्हणजे मी. कापायचं काम माझ्याकडेच आहे. आवाज भरून झाला की मी हेडफोन लावून बसते आणि माझ्या थांबायच्या जागा एकेक करून काढून टाकते. कुठे श्वास घेतलेला राहिला असेल, तर तोही काढते. लेकरानं तोंड उघडायच्या आत मीच उत्तर सांगते, टाळ्या वाजतात, पुढचा पक्षी येतो. हे काम मला फार छान जमतं. त्याबद्दल दिवाळीत माझं कौतुकही झालं.

म्हणून दसऱ्याला सुगत माझ्या शेजारून निघून गेला, तेव्हा मला कारण शोधावं लागलं नाही. मला ते तिथंच कळलं. आणि तरी दुपारी जेवताना मी तुम्हाला म्हणाले, त्याला कोणाला तरी दाखवा. जसं काही दोष तुमच्या घराचा होता आणि मी पाहुणी होते. तुम्ही रागावलात याचं मला वाईट वाटलं नाही वहिनी, बरं वाटलं. तुमचा राग मोठा झाला आणि माझं झाकून गेलं.

हे सगळं कळल्यावर मी काम सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. सोडलेलं नाही. कालही तीन गाणी भरून आले. अमरावतीत राहून आवाजाचं काम मिळतं, हे मी साऱ्या मैत्रिणींना सांगत फिरले आहे. तुमचं पत्र आल्यावर चंदनला म्हणाले, आपण थोड्या जागा ठेवू या. तो म्हणाला, एका व्हिडिओत ठेवून पाहा. ठेवल्या. रेघ पडली. पुढच्या व्हिडिओत मी कोणी न सांगता त्या काढून टाकल्या.

मला सुगतला भेटायचं आहे. येऊ का?

ज्योत्स्ना


अकोट
१ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

तुझं पत्र वाचून तीन दिवस तुझा फार राग आला. चौथ्या दिवशी वाटलं, हिनं निदान सगळं लिहून तरी टाकलं. मग मी रजिस्टर घेऊन दुर्गाबाई मॅडमकडे गेले. सुगतच्या पानावरच्या खोट्या खुणा त्यांच्यासमोर लाल पेनानं खोडल्या आणि खऱ्या लिहिल्या. त्यांनी खाली माझी सही घेतली. म्हणाल्या, 'वर कळवावं लागेल.' मी म्हटलं, कळवा. पुढे काय होईल ते होईल.

तिथून शकुनच्या घरी गेले. वाटलं होतं, हे कठीण नसेल. ती दारात भाजी निवडत होती. मी म्हटलं, शकुन, मी तुला सगळ्यांसमोर बोलले, पण माझ्या घरीही तेच चालू होतं, त्याहून जास्त. ती मान वर न करता म्हणाली, 'मले मालूम होतं बाई. तुमच्या घरावरून रोज जातो ना मी, आवाज येते. साऱ्या गल्लीले मालूम हाय.' मी विचारलं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तर म्हणाली, 'तुमी शिकल्या-सवरल्या. मले वाटलं, तुमचावाला काई वेगळा असन, चांगला.' त्यानंतर मला तिथं बसवेना. सतरंजीवर बसून माझं ऐकणाऱ्या बायांना सगळं माहीत होतं आणि त्या माना हलवत होत्या.

आता सुगतचं. थोडं थोडं हलतंय. हाक मारली की दहातून तीन-चारदा बघतो. पाण्याला 'पा' म्हणतो आणि माझा पदर ओढून माठाकडे नेतो. पूर्वी नुसता रडायचा. आई दिवसभर त्याच्याशी बोलतात. परवा तुरीच्या डाळीतले खडे निवडताना त्याला प्रत्येक खडा दाखवत होत्या, 'हे पाह्य, हे काहाडलं, फेकलं.' तो त्यांच्या हाताकडे नीट बघत होता.

तू येऊ का विचारलंस. मागच्या आठवड्यात शेजारी कोणीतरी चिंगी लावली. भिंतीपलीकडून तुझा आवाज आला मात्र, सुगतनं हातातली भाकर टाकली आणि भिंतीवर दोन्ही हात मारत सुटला. त्याला शांत करता करता दुपार गेली. म्हणून हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. ये, आणि बोलू नकोस. दोन दिवस राहा आणि त्याच्यासमोर तोंडातून एक शब्द काढू नकोस. जमत असेल तर ये.

माया


अमरावती
४ फेब्रुवारी २०२५

वहिनी, जयभीम.

तुमची ती ओळ वाचली आणि पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. दिवसभर स्टुडिओत बोलत होते आणि पर्सकडे पाहत होते. स्वतःच्या भाच्याला माझा आवाज ऐकू येऊ नये, याहून मोठी लाज मला कोणी दिली नसती. पण दिलीत ते बरोबर दिलीत.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर मला बोलतं करण्यासाठी ती काहीही करेल.

ज्योत्स्ना


अकोट
११ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

तू रविवारी संध्याकाळी गेलीस आणि मी मंगळवारी लिहायला बसले आहे, कारण तू गेल्यानंतरचं तुला कळायला हवं.

पण आधी आईंचं. त्या अजून हसतात, 'मुक्या पाव्हणीवानी बसली होती माही पोरगी.' दोन दिवस त्यांनीच तुझ्या वतीनं सगळं बोलून घेतलं. शनिवारी सुगतनं तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि तू ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसलीस. तुझ्या डोळ्यांतलं पाणी मला दिसत होतं. मी मुद्दाम आत गेले. रविवारी तो तुझ्याजवळ येऊन बसला, तुझ्या हातातला दाणा घेतला, तोंडात घातला, मग दुसरा घेऊन तुझ्या ओठांना लावला. तू तोंड उघडलंस आणि त्यानं आत बोट घालून पाहिलं. तू गप्प राहिलीस. मी तर बोलून गेले असते.

तुझ्या कामाचं काय करायचं, ते मी सांगणार नाही. रजिस्टरात खोटं लिहिणाऱ्या बाईनं ते सांगू नये. फक्त एक डोक्यातून जात नाही. आपल्या घरी तू शनिवारच्या एसटीनं येऊ शकलीस. ज्या दुसऱ्या घरांत घास भरवताना तुझा आवाज लागतो, तिथं तू जाऊ शकत नाहीस. त्या लेकरांच्या आयांनाही वाटत असेल की आपलावाला चांगला आहे. याचा विचार कर, मीही करते.

तर तू गेल्यावरचं. धर्मपाल तुला स्टँडवर सोडायला गाडीवर घेऊन गेला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि सुगत रडायला लागला. मला वाटलं, झालं, फोन आठवला. आईही म्हणाल्या, 'फोन मांगते काय व थो?' आम्ही दोघी त्याला आत न्यायला लागलो, तर तो येईना. त्यानं माझा हात धरून मला रस्त्यावर ओढलं आणि वळणाकडे बोट केलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा वळणाकडे बोट केलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, मला दिसतंय की नाही ते बघत होता. मी म्हटलं, आत्या गेली बेटा. तो आणखी जोरात रडला. मी म्हटलं, आत्या येईल, आणि तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिला.

ज्योत्स्ना, तीन वर्षांत माझं लेकरू कोणी घरातून निघून गेल्यावर कधी रडलं नव्हतं. मी रोज अंगणवाडीत जाते, तुझा दादा जातो, आई आठ-आठ दिवस गावाला जातात, तो कधी दारापर्यंतसुद्धा आला नाही. आम्ही म्हणायचो, किती शहाणा आहे, अजिबात त्रास देत नाही. परवा तो तुझ्यासाठी पाऊण तास रडला आणि मी रस्त्यात त्याला कडेवर घेऊन उभी होते आणि मला आनंद होत होता. लेकरू रडतंय आणि आईला आनंद होतोय, याची लाज वाटली. शकुन समोरून आली, तिनं विचारलं, 'काय झालं व बाई?' मी तिला म्हटलं, 'त्याची आत्या गेली.' एवढं सांगताना मलाही रडू आलं.

डॉक्टरीण बाईंकडे एप्रिलमध्ये जायचं आहे. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी तू ये. मला भीती वाटते, पण ये, आणि या वेळी त्याच्याशी बोल.

माया